काळी फीत

“सिस्टर, आणखी एक जवान आलाय,” पीए दारातूनच म्हणाला. “जवान म्हणजे, आता आजोबाच झालेत. बसवू की टाळू?”

“बसव. आणि चहा सांग,” आरोग्यमंत्री म्हणाल्या.

मंत्री होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांना बाईसाहेब कुणी म्हणत नसे. सभागृहात विरोधकसुद्धा सिस्टरच म्हणत. युद्धात त्या आघाडीवरच्या इस्पितळात नर्स होत्या. इस्पितळ कसलं, गळका तंबूच तो. पहिल्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा गाठीला पैसा नव्हता, पण त्यांच्या हातून वाचलेले जवान गावोगाव होते. एकेकाने आपलं अख्खं घरदार मतदानाला आणलं. ‘हिला पाडायचं तर आपण युद्धच हरायला हवं होतं,’ असं तेव्हाचा पडलेला उमेदवार कपाळावर हात मारून म्हणाला होता.

आलेला म्हातारा निवृत्त बस कंडक्टर होता. उजवा कान अर्धा गेलेला. खुर्चीत टेकता टेकता तो म्हणाला, “तुमच्या तंबूत होतो, सिस्टर. नदीकाठच्या लढाईत.”

सिस्टरचा चेहरा उजळला. “म्हणजे आमच्या कंपाउंडरचं गाणं ऐकलंय तुम्ही!”

“ऐकलंय? अहो, त्यापेक्षा गोळी परवडली असं म्हणायचो आम्ही.”

गप्पा रंगल्या. सुया उकळायच्या भांड्यातच चहा व्हायचा आणि त्याला स्पिरिटचा वास यायचा. एक पोरगेलासा हवालदार शुद्धीवर आला की दिसेल त्या नर्सला लग्नाची मागणी घालायचा. एकदा त्याने गुंगीत सर्जनलाच घातली. सिस्टर हसता हसता डोळे पुसू लागल्या. त्यांना वाटलं, किती तरुण होतो आपण, आणि इतकं वाईट चाललेलं असताना किती हसत होतो. मंत्र्याच्या या प्रशस्त खोलीत तसं हसू कधी आलंच नाही.

चहा संपला तसा कंडक्टर मुद्द्यावर आला. “घाटापलीकडचा आमचा दवाखाना तेवढा बंद करू नका.”

म्हणजे इतका वेळ साखरपेरणी चालली होती तर! सिस्टर सावरून बसल्या. कोणते दवाखाने बंद करायचे ते संध्याकाळच्या बैठकीत पक्कं व्हायचं होतं, आणि घाटापलीकडचा त्यात पहिला होता.

“तिथे डॉक्टर टिकत नाही, आणि पैसा तर सगळीकडेच अपुरा,” त्या म्हणाल्या. “बाकीचे जगवायचे तर एखादा सोडावा लागतो. हे मी तंबूतच शिकले.”

मग त्यांनी नेहमीची गोष्ट सांगितली. जखमींची रीघ लागायची; सर्जन एक, टेबल एक. आधी कुणाला घ्यायचं ते सिस्टर ठरवत आणि त्याच्या मनगटाला फीत बांधत. लाल म्हणजे लगेच टेबलावर. पांढरी म्हणजे थोडा थांबू शकतो. काळी म्हणजे याची आशा नाही. ‘काळी फीत बांधताना माझा हात थरथरला नाही, म्हणून बाकीचे जगले,’ हे वाक्य त्यांच्या प्रत्येक भाषणात असे आणि त्यावर हमखास टाळ्या पडत.

कंडक्टरने मान हलवली. “माहीत आहे, सिस्टर. माझी काळी होती.”

सिस्टरची नजर त्याच्या मनगटाकडे गेली. आजवर भेटायला आले ते लाल आणि पांढऱ्या फितींचे लोक. काळ्या फितीवाले भेटायला येत नसत, मतदानालाही येत नसत. त्यांचे चेहरे सिस्टरनी मनाच्या एका कोपऱ्यात कोंडले होते आणि तिकडे फिरकायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

“माझी चूक झाली,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“छे हो, चूक कसली! माझ्याऐवजी ज्याला टेबलावर घेतलंत तो माझ्याच गावचा. अजून पत्त्यांत मला फसवतो. तेवढं सोडलं तर माणूस चांगला आहे.”

“मग तुम्ही वाचलात कसे? सर्जन आले का नंतर?”

“कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फक्त तुम्ही येत होतात. हात मोकळा झाला की यायचं, चमचाभर पाणी तोंडात घालायचं, पुन्हा पळायचं. माझ्या शेजारच्यालाही पाजत होतात. तो गेला बिचारा, पण तहानेने तळमळत नाही गेला. मी निघालो चिवट. दुसऱ्या दिवशीही श्वास चालू आहे म्हटल्यावर मला टेबलावर घ्यावंच लागलं त्यांना.” तो जरा पुढे झुकला. “दवाखान्याला डॉक्टर नका देऊ, सिस्टर. एक नर्स तेवढी राहू द्या.”

सिस्टर आठवू पाहत होत्या. तंबू आठवला, चिखल आठवला, फितींचं रीळ आठवलं. चमचा काही केल्या आठवेना. भाषणांतून तो दिवस सांगून सांगून त्यात फक्त फितीच उरल्या होत्या. त्यांना रडू आलं, आणि ते लपवायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. फोन उचलून त्या पीएला म्हणाल्या, “घाटापलीकडचा दवाखाना बंद करायचा नाही. तिथली नर्स तिथेच राहील. आणि बाकीच्यांचंही आज नव्याने बघायचंय, सगळ्यांना तसं कळव.”

फोन ठेवून त्यांनी खुर्ची कंडक्टरकडे वळवली. मग म्हणाल्या, “एवढ्या गर्दीत मी तुमच्यापाशी येत होते. सर्जन चिडले असतील. मी ऐकून घेतलं का?”

“ऐकून? आणि तुम्ही?” कंडक्टर हसला. “ते ओरडले, ‘सिस्टर, काळ्या फितीपाशी काय करताय?’ तर तुम्ही अख्ख्या तंबूला ऐकू जाईल असं म्हणालात, ‘काळी फीत टेबलासाठी आहे, डॉक्टर. पाण्यासाठी नाही!’”