पहिलं बोट

कऱ्हाड येईपर्यंत भालचंद्र एसटीत एकच वाक्य मनाशी घोळवत होता. धाकट्या मुलीचं, शाल्मलीचं लग्न साधेपणानं करायचं ठरलं होतं. अंगणात हळद, दुसऱ्या दिवशी नोंदणी आणि घरच्या माणसांची पंगत. कार्यालय नाही, मानपान नाही. मुलीचाच आग्रह होता आणि त्यालाही तो पटला होता. पण थोरल्या बहिणीला मानाची साडी नाही, हे तिला सांगायचं कसं?

अक्का मेथी निवडत बसली होती. त्यानं चाचरत एकदाचं सांगून टाकलं.

"म्हणजे मला साडी नाही?"

"तुझ्यापुरती घेतो की."

"गप रे. कपाट भरलंय साड्यांनी. तुझे दाजी गेल्यापासून प्रत्येक लग्नात मला भारीतली साडी दिलीत आणि ती नेसवून मागच्या खुर्चीवर बसवलंत. हळदीच्या वाटीला कुणी हात लावू दिला नाही."

भालचंद्राची मान खाली गेली. थोरल्या मुलीच्या लग्नात ती खुर्ची त्यानंच अदबीनं आणून ठेवली होती.

"आता साडीही नाही. मग मी येऊन करू काय?"

"हळद लावायला ये," तो म्हणाला. "पहिलं बोट तुझं."

"आणि लोक?"

"घरचेच तर आहेत. त्यांना मी सांगतो."

अक्कानं निवडलेली मेथी बाजूला सारली. मग पदर खोचून उठली.

"बाजारची हळद आणू नकोस," ती म्हणाली. "मी जात्यावर दळून आणते."