खवट वडी

धाकट्या जावेने साबणाची वडी नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली.

"तेल खवट झालंय, ताई. असा माल बाहेर गेलाच कसा?"

"मला वास येत नाही," थोरली म्हणाली. "मागे ताप आला, त्यात नाकच गेलं. कारखान्यात कुणाला बोलले नाही."

धाकटीने गॅसवर दूध ठेवलं. एका कढईवर दोघींनी मिळून हा धंदा सुरू केला होता. पुढे पुरात यंत्रं बुडाली, तरी थोरलीने तो पुन्हा उभा केला. नवरा गेला, तर चौथ्या दिवशी कारखान्याचं कुलूप उघडलं. लोक म्हणायचे, बाई कसली, पोलाद आहे. मुलगी आजारी पडून धाकटीच्या रजा वाढल्या, तेव्हा थोरली म्हणाली होती, "मला कुणी रजा दिली होती? जमत नसेल तर घरी बस." धाकटी घरी बसली ती बसलीच.

"परत ये," आता थोरली म्हणाली. "निम्मी भागीदारी देते. तुझ्यासारखं नाक दुसरं कुणाचं नाही."

"उशीर झाला, ताई." आवाजात राग नव्हता. "दर घाण्यातली एक वडी पाठवत जा. वास घेऊन सांगत जाईन. पण तिथे पाय ठेवायचा नाही मला."

खालून हाक आली. धाकटी उठली.

"शाळा सुटली वाटतं. तिला जिन्यात हात द्यावा लागतो. जरा दुधाकडे बघता?"

थोरली ओट्यापाशी गेली. उघड्या दारातून जिना दिसत होता. पुतणी कठडा धरून वर येत होती. पायरी चढायची, मग डावा पाय हाताने उचलून वर घ्यायची. आई तिच्यामागे, घाई न करता.

आजार थोरलीला माहीत होता. पाय माहीत नव्हता. पोरगी बरी आहे का, एवढंसुद्धा तिने कधी विचारलं नव्हतं. ती ओट्याकडे पाठ करून बघतच राहिली.

धाकटी दारातूनच धावत आली आणि तिने गॅस बंद केला. दूध उतू जाऊन करपलं होतं, खोलीभर धूर झाला होता.

"अगं, मी इथेच..." थोरली पुटपुटली.

"असू द्या," पातेलं उचलत धाकटी म्हणाली. "तुम्हाला कसं कळणार."