मे महिन्यातली तुतारी

प्रज्ञेशनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली, तशी येसूबाईनं नजर चुकवली. उजाडल्यापासून मायलेक तळ्याच्या काठावर बसले होते. मे महिन्यानं तळं पार आटवलं होतं. उरलेल्या चिखलात दोन शेकाटे लांबलचक लाल पाय उचलत हिंडत होते आणि एक टिटवी उगाचच सगळ्यांशी भांडत होती. ज्या तुतारीसाठी ते आले होते, त्या पाहुण्या पाखराचा मात्र पत्ता नव्हता. असणार कुठून? येसूबाईनं ती पाहिलीच नव्हती.

"हितंच व्हती बग," तिनं चिखलाकडं बोट केलं. "शेपूट हालवीत चालली व्हती." खोटं बोलायचंच तर शेपटीसकट बोलावं, असं तिचं मत.

तळेगावच्या कारखान्यातून कंपनीनं प्रज्ञेशला गुजरातला धाडलं, त्याला दोन वर्षं झाली. यंदा चौदा एप्रिललाही लेक आला नाही. फोन मात्र दर रविवारी यायचा. जेवलीस का, बरी आहेस का, आणि तळ्यावर कोण कोण आलंय? पहिले दोन प्रश्न अर्ध्या मिनिटात उरकायचे. तिसऱ्यात तो अर्धा तास रमायचा. पक्ष्यांचं वेड त्याला शाळेपासूनच होतं. म्हणून येसूबाई शनिवारीच तळ्यावर चक्कर मारून सगळं डोक्यात भरून आणायची. जन्मभर सरसकट सगळ्यांना बगळे म्हणणारी बाई आता तुतारी कुठली आणि चिखल्या कुठला हे न चुकता सांगू लागली होती.

मग उन्हाळा लागला. पाहुणे पक्षी थव्याथव्यानं उत्तरेला निघून गेले. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तसा फोन दोन मिनिटांवर आला. तो ठेवला की येसूबाईला घर खायला उठायचं. लेकाला एकदा डोळे भरून बघावं, एवढंच तिला हवं होतं.

बरं नाही म्हणून सांगणं सोपं होतं. पण शेजारची अंबूबाई महिन्यातून दोनदा छातीत दुखतंय म्हणायची आणि तिचा लेक गौरव आता फोनच उचलत नव्हता. आजारपणाचं सोंग मरेस्तोवर करायचं नाही, असं येसूबाईनं पक्कं ठरवलं होतं. म्हणून गेल्या रविवारी ती अगदी सहज बोलल्यासारखी बोलली, "तुतारी हाय की रं अजून. एकलीच हाय." "एकटीच?" पलीकडून प्रज्ञेशनं एवढंच विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाठीवर बॅग घेऊन दारात उभा.

आता ऊन चटके देऊ लागलं. लेकाचा शर्ट पाठीला चिकटला होता, तरी तो पुन्हा दुर्बीण उचलू लागला. येसूबाईला राहवेना.

"नगं बगूस," तिनं त्याचा हात धरला. "न्हाई दिसली मला तुतारी. खोटं बोलली मी. तुजी लय आठवन येत व्हती."

"माहितेय, आई. ती एप्रिलातच जाते."

"मंग एवढ्या लांबनं आलास कशापायी?"

प्रज्ञेशनं तिचा हात सोडला नाही. "सगळा थवा गेल्यावर जी एकटीच मागं राहते ना, ती आजारी तरी असते, नाहीतर म्हातारी. तिलाच बघायला आलो."