जड टोनआर्म

“हा जुना, जड टोनआर्म घेऊ नका, साहेब,” रेकॉर्ड प्लेअरचा दुरुस्तीवाला सुईच्या त्या दांड्याकडे बोट दाखवत तिसऱ्यांदा म्हणाला. “तुमच्या यंत्राची सुई नाजूक आहे. लग्नासारखंच असतं हे. जोडी जमली नाही की एकमेकांना खरवडत बसतात.”

गिऱ्हाईक म्हणून आलेला फिटर हसला नाही. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचं बोलणं वहीतच चालायचं. त्याने लिहिलं, ‘जुन्या यंत्राला जुनाच आर्म शोभतो.’

“शोभेल हो, पण बाईसाहेबांच्या तबकडीचं काय? ती कंपनीची नाही, गाणं चालू असतानाच जागेवर कापलेली आहे. मऊ असते ती, आणि जगात एकच. या आर्मखाली पाच-दहा वेळा फिरली की संपलीच म्हणा.”

फिटरला नेमकं हेच विचारायचं होतं. आयतंच उत्तर मिळालं. त्याने जड आर्मवर बोट ठेवलं.

बायकोनेच त्याला पाठवलं होतं. “तुम्हाला यंत्रातलं कळतं, तुम्हीच निवडून आणा. रविवारी लग्नाला चाळीस वर्षं होतायत, तेव्हा लावू या,” म्हणाली होती. काय लावू या, ते सांगितलं नाही. सांगेल कशाला? त्याला सगळं ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात तो तिला न्यायला इथे आला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने तीच तबकडी आपल्या यंत्रावर लावली होती. काचेच्या दाराबाहेर, रस्त्याच्या गोंगाटात, फिटरला जेमतेम ऐकू आलं. कोणी तरुण पुरुष गात होता. बारीक, नाकातला आवाज. आणि ही बाई रुमालाने डोळे पुसत होती!

त्याच्यासाठी कधी पुसले होते असे डोळे? ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी तर उलट त्यालाच दटावत होती, “लहान मुलासारखं काय घाबरताय?” म्हणून.

लग्नाआधी ती रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत कारकून होती. तबकड्या कापायचं यंत्र बिघडलं की दुरुस्तीला फिटर जायचा. ओळख तिथलीच. पण तिथे गाणाऱ्यांचाही राबता असायचा. त्यांत एक कुरळ्या होता. येता-जाता तिच्या टेबलावर कोपर टेकून दात काढत उभा राहायचा बेटा. तबकडीवर नाव नव्हतं, नुसतं पेन्सिलीने साल लिहिलेलं. लग्नाच्या आदल्या वर्षाचं. आता याहून आणखी काय पुरावा हवा?

शनिवारी ती बाजारात गेली. फिटरने आर्म बसवला, तबकडी ठेवली आणि आवाजाची खुंटी पार बंद केली. त्या कुरळ्याचं एक अक्षर त्याला ऐकायचं नव्हतं. सुई शेवटाला पोचली की तो ती उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायचा. असं बारा वेळा केलं. सुईच्या टोकाला काळा भुगा जमत होता. तो फुंकर मारून उडवताना त्याला फार बरं वाटलं.

रविवारी बायको ठेवणीतले कपडे घालून यंत्राजवळ बसली. हाताला धरून त्यालाही शेजारी बसवलं. “आता गप्प ऐकायचं हं,” म्हणाली, आणि आपण कोणाला काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसली. मग तिने सुई टेकवली.

खरखर. तिने खुंटी वाढवली. खरखरही वाढली.

“असं कसं हो?” तिचा चेहरा उतरला. “दुकानात तर स्वच्छ वाजली होती.”

फिटरने वही ओढली. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं एका ओळीत लिहून टाकलं: ‘गेला तुझा कुरळ्या.’

तिने वाचलं. चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं. मग तिने त्याच्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघितलं.

“कोण कुरळ्या?” ती म्हणाली. “अहो, यंत्र दुरुस्त करताना तुम्ही गात बसायचात. एकदा चाचणीची तबकडी कापताना मी गुपचूप माइक चालू ठेवला होता. तुमचा आवाज तेवढाच उरला होता.”