महिन्याचा पहिला रविवार

पनवेलच्या डांबरी रस्त्यांवर बाबांना गाडीतला फोर-व्हील-ड्राइव्हचा लिव्हर कधीच लागला नाही. पण वापरला नाही तर जाम होतो, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी ते कोन गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर जाऊन तो टाकायचे. “येतेस?” त्याही रविवारी त्यांनी विचारलं. “कुठला हिमालय चढायचाय तुम्हाला?” पेपर खाली न ठेवताच वल्लरी म्हणाली. “गाडीही तुझ्यासारखीच. महिनाभर विचारलं नाही की अडून बसते.” हसत ते एकटेच निघाले. मंगळवारी चहा पिताना त्यांचं हृदय थांबलं. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तिला रडू आलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, विकायला काढलेली गाडी बघायला गिऱ्हाईक आलं. त्याने ओढताच तो लिव्हर अलगद सरकला. “जिवापाड जपलीय! चक्कर मारून बघतो. येताय, ताई?” डावीकडचं दार उघडून, गिऱ्हाइकाकडे न बघताच, वल्लरी मोठ्याने म्हणाली, “थांबा, बाबा, येते मी.”