हंसांचा कारभारी

लाकडी हंसाच्या, बाहुल्याच्या मानेला बांधलेलं पीस गेला तासभर आडवं उडत होतं. आता ते तिरपं झालं. वारा निम्म्यावर आला आहे, हॅरिएटने अंदाज केला. आणखी दहा मिनिटांत पडेल.

उत्तरेतल्या जेम्स बे उपसागराच्या काठावरचा बर्फ अजून पुरता फुटला नव्हता. जिथे चिखल उघडा पडला होता तिथे तिने पहाटे थव्यांना भुलवायला हंसांचे चाळीस बाहुले मांडले होते. काही लाकडी, काही काटक्या वळून केलेले, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. मागे फांद्यांच्या आडोशात चौघं बसली होती. तिचे वडील सिंक्लेअर, ती स्वतः, चुलतभाऊ बर्टी आणि बर्टीचा मेहुणा.

"ताई, हे हंस मांडलेस की शाळेची प्रार्थना?" बर्टी म्हणाला. "खरे हंस एवढ्या शिस्तीत उभे राहतात होय?"

"तुझे प्लॅस्टिकचे मांडले होते की गेल्या वर्षी. कावळे आले होते बघायला."

मेहुणा खिदळला.

"आवाज बंद," सिंक्लेअर म्हणाले, आणि आवाज बंद झाला.

बत्तीस वर्षं ते या खाडीवर हंसांचे कारभारी होते. कुठे बसायचं, कधी मारायचं आणि कधी हात बांधून नुसतं बघायचं, हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वारा नसताना बंदूक चालवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. निवांत हवेत बाराचा आवाज पाण्यावरून मैलभर जातो, दूर चरणारे थवेसुद्धा उठतात आणि ती जागा लक्षात ठेवतात. उत्तरेकडच्या खाडीत एका वसंतात असे दोन-तीनदा बार झाले. तिथे आता आडोशाचे वासे तेवढे उभे आहेत.

सिंक्लेअर वारा चेहऱ्याने ओळखत. पण तीन वर्षांपूर्वीच्या आजारात चेहरा बधिर झाला होता. सूप हनुवटीवरून ओघळलं तरी त्यांना कळत नसे. नजरही पिसापर्यंत पोचत नव्हती. हे फक्त हॅरिएटला ठाऊक होतं. ती त्यांना चिकटून बसायची आणि ओठ न हलवता म्हणायची, "पडला, बाबा." मग ते मोठ्याने सांगायचे, "आज पुरे." तीन वसंत असे निभावले होते.

तुमच्यानंतर कोण, असं वस्तीवरची माणसं दर वर्षी विचारत. सिंक्लेअर दर वर्षी म्हणत, "बघू." हॅरिएटने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? पाच वर्षांतला कुठला थवा कोणत्या वाऱ्यावर उतरला, हे तिला तोंडपाठ होतं. बर्टी खाणीवरच्या नोकरीतून आठ दिवसांची सुट्टी काढून येई, मोठमोठ्याने बोले आणि सगळ्यांच्या वाटणीचा चहा पिऊन टाके.

आज तो बापलेकींच्या मध्ये घुसून बसला होता. "काकांची ऊब तू एकटीनेच का घ्यायची?"

दक्षिणेकडून आवाज आला. मग क्षितिजावर एक बारीक, वाकडी रेघ दिसली. बर्टीने तोंडापाशी हात धरून हंसासारखी साद घातली. ती मात्र त्याला सुरेख जमे. रेघ वळली, खाली आली, तिचे वेगवेगळे हंस झाले. तीस-पस्तीस असावेत.

पीस सरळ खाली लोंबत होतं.

हॅरिएटने वडिलांकडे पाहिलं. मध्ये बर्टीचा रुंद खांदा होता. आता काहीही बोललं तरी चौघांना ऐकू जाणार. कारभाऱ्याला वारा कळत नाही, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत वस्तीभर होणार. एक बार, तिने हिशेब केला. फार तर दोन बार. एवढ्याने खाडी ओस पडत नाही. रात्री बाबांशी बोलता येईल.

हंसांनी पंख थोपवले, पाय खाली सोडले.

"मारा," सिंक्लेअर म्हणाले.

हॅरिएटने बंदूक खांद्याला लावली. मेहुण्यानेही लावली. बर्टीने आपली मांडीवर आडवी ठेवली.

"काका, वारा पडलाय."

"मी मारा म्हटलं."

"ऐकलं मी. नाही मारणार. घरी गेल्यावर काय शिव्या घालायच्या त्या घाला."

मेहुण्याने घाईघाईने बंदूक खाली घेतली. त्या आडोशात असं बोलणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. हॅरिएटची बंदूक सर्वांत शेवटी खाली आली. हंस बाहुल्यांमध्ये उतरले. एकाने लाकडी मानेवर चोच मारून पाहिली. हे खरे हंस नव्हेत, अशी त्यांची खात्री पटायला थोडा वेळ लागला, मग सगळे एकदम उठले आणि निघून गेले.



"हॅरिएट, पीस बघ," सिंक्लेअर म्हणाले.

"लोंबतंय, बाबा."

"कधीपासून?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "थवा वळला, त्याच्या आधीपासून."

"मग बंदूक का उचललीस?"

"तुम्ही मारा म्हणालात."

"मी म्हणालो खरा."

"चारचौघांत तुम्हाला मी कसं..." तिने वाक्य सोडून दिलं. बर्टी खाली मान घालून बुटाचा चिखल काढत बसला होता.

सिंक्लेअरनी बंदुकीतली दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली. मग त्यांनी बर्टीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"उद्यापासून ह्याला विचारायचं," ते म्हणाले. मग मान वळवून त्यांनी हॅरिएटकडे पाहिलं. "तूसुद्धा."