दोन घागरी पाणी

वाळूवर ओढून ठेवलेल्या आपल्या शिडाच्या होडीभोवती भिवाकाका एक फेरी मारून आले आणि हरखून म्हणाले, "अरे, रंगसुद्धा दिलास?"

निनादने नुसती मान हलवली. तीन महिन्यांसाठी मुलीकडे जाताना काकांनी पुतण्याला एकच काम सांगितलं होतं, "होडीवर रोज दोन घागरी पाणी ओत. लाकूड आटलं की फळ्यांत फटी पडतात." पण निनादने पर्यटकांसाठी नवीकोरी फायबरची बोट आणली होती. तिला असले लाड लागत नव्हते. तिच्या नादात होडीवर एक तांब्यासुद्धा ओतला गेला नाही. काका येणार कळलं, तेव्हा त्याने फटींत लांबीचा लगदा भरून वरून निळा रंग फासला.

होडी घोटाभर पाण्यात ढकलल्यावर काका म्हणाले, "काकूला हात दे रे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा यायला तयार झालीय."

काकूंना पोहता येत नव्हतं. "तू आहेस म्हणून हो," म्हणत त्यांनी हात पुढे केला. निनादला तो धरवेना.

"नका बसू, काकू," तो म्हणाला. "काका, मी पाणी नाही ओतलं. एकदाही नाही."

काकांनी वाकून फळ्यांवरून हात फिरवला. "दगड भरून कमरेएवढ्या पाण्यात बुडव तिला. आठवडाभरात लाकूड फुगेल, फटी मिटतील." मग निळ्या रंगावर नख ओढून ते म्हणाले, "हा मात्र तुलाच खरवडावा लागेल."